मोडलेली वाट आणि डोक्यावरची होडी

  हातातलं काम चालू ठेवा. शेंगा फोडत असाल, तांदूळ निवडत असाल, तरी चालेल. कान मात्र इकडे द्या.

आज आम्ही एका लांबच्या मुलखातली गोष्ट सांगणार आहोत. तिथल्या वाटेवर होडी माणसाला वाहून नेते आणि मग माणूस होडीला वाहून नेतो. पण ही गोष्ट आम्हाला का सांगावीशी वाटली, ते आधी सांगतो.

गेल्या चैत्रात आमच्या गटातल्या अकरा जणी देवीच्या जत्रेला पायी निघालो होतो. गाडीरस्त्यानं वळसा पडतो, म्हणून जुन्या घाटवाटेनं वर चढायचं ठरलं. आमच्या सासवा त्याच वाटेनं माहेरी जायच्या. वाट आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या वाटेनं शेवटचं कोण आणि कधी गेलं, हे कुणी विचारलंच नाही. अर्ध्या चढावर वाट मोडली. पुढे नुसती कारवी आणि सुटलेले दगड. ऊन डोक्यावर आलं, पाणी संपत आलं. आमच्यातल्या मावशींचा गुडघा सुजला होता, पण त्या बोलल्या नाहीत. परत फिरूया, हे प्रत्येकीच्या मनात होतं आणि एकीच्याही तोंडातून निघालं नाही. जी आधी बोलेल ती भित्री ठरेल, असं वाटत होतं. रात्री दहाला आम्ही कशाबशा खाली उतरलो. कुणाला काही झालं नाही, हे नशीब.

त्यानंतर गटातल्या एका शिक्षिका ताईंनी आम्हाला एक पुस्तक मराठीत सांगायला घेतलं. रोज संध्याकाळी थोडं थोडं. 1908 साली छापलेलं, एका बाईनं स्वतःच्या प्रवासावर लिहिलेलं. तिचं नाव मीना हबर्ड. ऐकताना आम्हाला आमची घाटवाट सारखी आठवत होती. म्हणून हा आजचा कार्यक्रम.

आधी मुलूख समजून घेऊया. कॅनडाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला लॅब्राडोर नावाचा प्रदेश आहे. तळी, नद्या, दलदल, शेवाळ, खडक आणि सूचिपर्णी झाडांचं जंगल. उन्हाळा छोटा. त्या उन्हाळ्यात डास आणि काळ्या माश्या इतक्या, की तोंडाला जाळी बांधून चालावं लागतं. सप्टेंबरातच थंडी सुरू होते.

तिथे पूर्वापार राहणारे लोक म्हणजे इन्नू. शिकारीसाठी, मासेमारीसाठी, व्यापारासाठी ते बायकामुलांसह सगळा संसार घेऊन या मुलखातून फिरायचे. त्यांची वाहतूक व्हायची कनूनं. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी, वरून उघडी होडी. ती वल्ह्यानं चालवतात. पाणी उथळ आणि ओढीचं असेल तर लांब काठीनं तळाला रेटत वर नेतात.

आता नदी काही सगळीकडे होडी चालण्याजोगी नसते. कुठे धबधबा येतो, कुठे दगडांतून खळाळतं पाणी. कधी एक तळं संपून दुसरं तळं डोंगराच्या पलीकडे असतं. अशा ठिकाणी होडी काठाला लावायची, सामान उतरवायचं आणि सगळं अंगावर घेऊन पुढच्या पाण्यापर्यंत चालायचं. होडीसुद्धा उलटी करून खांद्यावर घ्यायची. या वाहून नेण्याला आणि त्या वाटेलाही पोर्टेज म्हणतात. फ्रेंच भाषेतल्या वाहून नेणं या अर्थाच्या शब्दावरून ते नाव पडलं.

हे ऐकून आमच्या गटात पहिल्यांदा हसू फुटलं. एक आजी म्हणाल्या, "म्हणजे बैलगाडी डोक्यावर घेऊन चालायचं!" पण हसणं थांबल्यावर त्याच आजींनी विचारलं, "ओझं कपाळावर घेतात की डोक्यावर?" अगदी नेमका प्रश्न. तिकडे कपाळपट्टा वापरायची जुनी रीत आहे. पाठीवर गाठोडं आणि त्याचा रुंद चामडी पट्टा कपाळाच्या जरा वर, टाळूकडे. भार मानेतून सरळ कण्यात उतरतो. आपल्याकडे चुंबळ ठेवून त्यावर हंडा किंवा मोळी घेतो, त्यातलाच हा प्रकार. जुन्या काळी फर म्हणजे जनावरांची केसाळ कातडी नेणारे व्यापारी कंपन्यांचे होडीवाले याच पट्ट्यानं नव्वद नव्वद पौंडांची दोन गाठोडी एका खेपेत न्यायचे. एक गाठोडं साधारण 40 किलोचं. म्हणजे 80 किलो, तेही दगडधोंड्यांतून.

इथे एक हिशेब आहे, तो नीट ऐका. समजा वाट 1 किलोमीटरची आहे. सगळं ओझं एका खेपेत गेलं तर चाल 1 किलोमीटरची. दोन खेपा लागल्या तर किती? दोन नाही, तीन. ओझं घेऊन जायचं, रिकाम्या हातानं परत यायचं, पुन्हा ओझं घेऊन जायचं. तीन खेपा लागल्या तर 5 किलोमीटर. पाणी भरायला जाणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. पण नकाशा बघून बेत करणारी माणसं नेमकं हेच विसरतात. नकाशावर वाट एकदाच काढलेली असते.

आणि वाट मोडलेली असली तर? झाडं आडवी पडलेली, दलदल गुडघ्यापर्यंत, खुणा पुसलेल्या. मग आधी रिकाम्या हातानं जाऊन वाट शोधायची आणि नंतर ओझं न्यायचं. हिशेबात अजून दोन फेऱ्या वाढल्या.

आता गोष्टीकडे वळूया.

मीनाचा नवरा लिओनिडास हबर्ड हा मासिकात लिहिणारा पत्रकार होता. 1903 साली त्यानं लॅब्राडोरच्या आतल्या भागातून पार उत्तरेला जायचं ठरवलं. सोबत मित्र डिलन वॉलेस आणि क्री वंशाची आई असलेला जॉर्ज एल्सन. तीन माणसं, एक कनू. ते 15 जुलैला नॉर्थ वेस्ट रिव्हर या ठाण्यावरून निघाले. त्या मुलखाच्या मानानं उशीरच. हातातला नकाशा अपुरा होता. ग्रँड लेक नावाच्या तळ्यात अनेक नद्या येऊन मिळतात, हे त्यांना नीट माहीत नव्हतं. नॅस्कॉपी नदीचं मुख मागे राहिलं आणि ते सुझन नावाच्या छोट्या नदीत शिरले.

त्या नदीत पाणी कमी, दगड जास्त. होडीत बसण्यापेक्षा होडी वाहणंच जास्त. ओझं वाहून माणसं थकली, अन्न भराभर संपलं. मासे धरायचं जाळं जुनं, कुजलेलं. त्यावर त्यांची मदार होती आणि तेच फाटलं. सप्टेंबरच्या मध्यावर परत फिरायचं ठरलं, तेव्हा परतीपुरतं अन्न उरलं नव्हतं. ऑक्टोबरात हबर्डला चालवेना. त्याला तंबूत ठेवून दोघं मदतीसाठी निघाले. पूर्वी टाकून दिलेलं बुरशी आलेलं पीठ त्यांनी शोधून काढून वाटून घेतलं. एल्सन कसाबसा माणसांपर्यंत पोचला आणि शिकाऱ्यांची तुकडी आली. वॉलेस वाचला. हबर्ड तंबूतच मेला.

हे ऐकून आमच्या गटात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक वहिनी म्हणाल्या, "तो माणूस काही आळशी नव्हता. धाडसाचाही होता. त्यानं परतीची भाकरी राखून ठेवली नाही, एवढंच."

मीना तेव्हा तेहतीस वर्षांची होती. शिकलेली परिचारिका. मूळची कॅनडातल्या ओन्टारिओची, खेड्यात वाढलेली. नवऱ्याचं राहिलेलं काम आपण पुरं करायचं, असं तिनं ठरवलं. वॉलेसच्या वागण्याबद्दल आणि लिहिण्याबद्दल तिच्या मनात राग होता. वॉलेसही तोच प्रवास पुन्हा करायला निघाला होता. 1905 साली 27 जून या एकाच दिवशी दोघांच्या दोन तुकड्या नॉर्थ वेस्ट रिव्हरवरून निघाल्या. ठिकाणही एकच, उत्तरेला उंगावा उपसागराजवळचं जॉर्ज रिव्हर ठाणं. वर्तमानपत्रांना ही शर्यत वाटली. आम्हाला शर्यतीपेक्षा मीनाची तयारी महत्त्वाची वाटली, म्हणून तीच सांगतो.

पहिली गोष्ट माणसं. तिनं जॉर्ज एल्सनला बोलावलं. ज्यानं आदल्या वेळचं सगळं सोसलं होतं, ज्याला काय चुकलं ते अंगावरच्या अनुभवानं माहीत होतं, त्याच्या हाती सूत्रं दिली. जोडीला जोब चापीज आणि जोसेफ इसरहॉफ, दोघेही खळाळत्या पाण्यात होडी चालवण्यात तरबेज. चौथा गिल्बर्ट ब्लेक. हा तिथलाच तरुण शिकारी, 1903 साली वॉलेसला वाचवायला गेलेल्या तुकडीतला. सील लेकपर्यंतचा मुलूख त्याच्या पायाखालचा. म्हणजे नदीची पहिली कितीतरी मजल माहितगार माणसाच्या भरवशावर झाली. त्यापुढे मात्र सगळेच नवखे होते, आणि ते त्यांना ठाऊक होतं. आपलं ज्ञान कुठे संपतं हे माहीत असणं हीसुद्धा तयारीच की.

दुसरी गोष्ट होड्या. एक नाही, दोन. प्रत्येकी 19 फूट लांब, वरून कापड चढवलेल्या. एक बुडाली तरी दुसरी राहील.

तिसरी गोष्ट शिधा. बायांनो, ही यादी तिनं पुस्तकातच दिली आहे, आणि ती वाचताना आमच्यातली प्रत्येकजण मनात किराणा मोजत होती. पीठ 392 पौंड, म्हणजे साधारण 178 किलो. खारवलेलं डुकराचं मांस 200 पौंड, म्हणजे 90 किलो. साखर 60 पौंड, चहा 12 पौंड, तांदूळ 15 पौंड, मीठ 14 पौंड. चॉकलेट, डब्यातलं दूध, वेळप्रसंगीचं डबाबंद अन्न. सगळं मिळून सुमारे 750 पौंड, म्हणजे 340 किलोच्या घरात. शिकार आणि मासे मिळतील ते वेगळे. आदल्या वेळी मिळेल त्यावर भिस्त होती. या वेळी भिस्त पिठावर, आणि मिळेल ते वरकड.

इतकं ओझं म्हणजे पोर्टेजवर खेपाही तितक्या. पण पाच माणसांत चार जण वाहणारे आणि वाटेत रोज ओझं हलकं होत जाणार, हा हिशेब बसला. प्रवासाच्या शेवटी तिच्याकडे 150 पौंड शिधा उरला होता. त्यात 105 पौंड पीठ होतं. आम्हाला विचाराल तर या सगळ्या पुस्तकातली सगळ्यात सुंदर ओळ हीच. घरी परतल्यावर डबा पुरता रिकामा नाही, याचा अर्थ गृहिणीला चांगला कळतो.

चौथी गोष्ट वेळ. उंगावाच्या ठाण्यावर वर्षातून एकदा कंपनीचं जहाज यायचं, ऑगस्टच्या अखेरीला. ते चुकलं तर हिवाळा तिथेच. म्हणजे पोचायची तारीख निघण्याआधीच ठरलेली होती. म्हणून ती जूनमध्ये निघाली, नवऱ्यासारखी जुलैच्या मध्यावर नाही.

एवढी तयारी असूनही चुकलं का? चुकलं ना. प्रवासाच्या सुरुवातीलाच खळाळत्या पाण्यात एक कनू उलटली. माणसं वाचली, पिठाच्या पिशव्याही बऱ्याचशा वाचल्या. पण सगळ्या कुऱ्हाडी, सगळे तवे आणि चूल त्याच होडीत होती. सगळं नदीच्या तळाला गेलं. जंगलातला पुढचा सगळा प्रवास कुऱ्हाडीवाचून! दोन होड्या घेतल्या, पण कुऱ्हाडी दोन होड्यांत वाटल्या नाहीत. आमच्या घाटवाटेच्या दिवशी पाण्याच्या सगळ्या बाटल्या एकाच पिशवीत होत्या आणि ती पिशवी घेतलेली वहिनी मागे राहिली होती. ते आम्हाला लगेच आठवलं.

आणखी एक प्रसंग आहे. सोबतची माणसं मीनाला एकटीला नजरेआड जाऊ देत नसत. एके दिवशी ती वैतागून कुणाला न कळू देता डोंगर चढून गेली. बाईमाणूस म्हणून सारखी राखण, याचा तिला कंटाळा आला होता. आपल्यापैकी कुणाला येत नाही? ती परत आली तेव्हा चौघांचे चेहरे उतरलेले, डोळे भरलेले. तू हरवली असतीस तर आम्ही कुठल्या तोंडानं परत गेलो असतो, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरं होतं. गोऱ्या बाईचं काही बरंवाईट झालं असतं तर त्या क्री आणि तिथल्या माणसांवर कुणी विश्वास ठेवला असता? मीनाला ते समजलं. तिनं शब्द दिला. आम्हाला यात दोन्ही बाजू दिसल्या. तिची घुसमट खरी, त्यांची भीतीही खरी. सोबत निघताना कुणी किती मोकळं राहायचं आणि कुणाच्या जिवाचा जाब कुणाला द्यावा लागेल, हे आधी बोलून घेतलेलं बरं.

आता मोडलेल्या वाटेकडे येऊ. नॅस्कॉपी नदीत वर वर जाताना खळाळ फार. तो टाळण्यासाठी इन्नूंची एक जुनी वाट नदी सोडून तळ्यातळ्यांतून जायची. वॉलेसनं ती वाट धरली. नकाशावर आणि सांगण्यावरून ती सोयीची होती. पण कित्येक वर्षं तिच्यावरून कुणी गेलं नव्हतं. झाडोरा वाढलेला. कुठे झाडावरची कुऱ्हाडीची जुनी खूण दिसायची, कुठे तीही नाही. त्याच्यासोबत पीट स्टीव्हन्स हा ओजिब्वे वाटाड्या होता. जंगल वाचण्यात तो हुशार, पण हा मुलूख त्याचाही नव्हता. वाट शोधण्यात दिवसामागून दिवस गेले. अन्न कमी पडू लागलं तेव्हा वॉलेसनं मोठ्या तळ्यापासून तीन जणांना परत पाठवलं आणि एका सोबत्याला घेऊन तो पुढे गेला. हा निर्णय शहाणपणाचा होता, हेही सांगायला हवं. 1903 चा धडा तोही शिकला होता. तो 16 ऑक्टोबरला जॉर्ज रिव्हरला पोचला.

मीनाच्या माणसांनी शक्य तितकी नदीच धरली. काठीनं रेटत, दोरीनं ओढत, आणि लागेल तिथेच होडी खांद्यावर घेत. नदी अवघड होती, पण ती हरवत नव्हती.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, जॉर्ज नदीच्या वरच्या अंगाला त्यांना इन्नूंची एक वस्ती लागली. पुरुष व्यापारासाठी किनाऱ्याला गेलेले, वस्तीत फक्त बायका आणि पोरं. अनोळखी पुरुष पाहून त्या आधी घाबरल्या. एल्सननं आपल्या भाषेत समजावल्यावर बोलू लागल्या. ठाणं किती लांब, असं विचारलं. उत्तर आलं, दोन महिने.

दोन महिने! जहाज तर आठवडाभरात येणार. मीनाच्या मनात परत फिरायचं की काय, हा विचार घोळू लागला. पुढे गेल्यावर आणखी एक वस्ती लागली. तिथे तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं, झपाट्यानं गेलात तर पाच मुक्काम.

कुणाचं खरं? आम्ही गटात यावर खूप बोललो. आमच्या मते दोघांचंही खरं असू शकतं. लेकरं, म्हातारी, तंबू, भांडी घेऊन, वाटेत शिकार करत, मासे सुकवत जाणाऱ्या कुटुंबाला किती वेळ लागेल? आणि पाण्याच्या ओघाबरोबर खाली सुटलेल्या चार तगड्या वल्हेकऱ्यांना किती? किती लांब आहे, एवढंच विचारून भागत नाही. कुणाच्या चालीनं, हेही विचारावं लागतं. आमच्या घाटवाटेला आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं, तासाभरात वर जाल. ते सांगणारा गुराखी पोरगा सोळा वर्षांचा होता आणि आमच्या मावशी एकसष्ट.

पुढची नदी म्हणजे मैलोन्‌मैल धावतं पाणी. 27 ऑगस्टला मीनाची तुकडी ठाण्यावर पोचली. 576 मैल, म्हणजे साधारण 925 किलोमीटर. चालीचे दिवस 43, मुक्कामाचे 18. हे 18 दिवस विसरू नका. वारा, पाऊस, कपडे वाळवणं, होडी दुरुस्त करणं, दमलेल्या अंगाला विसावा, हे सगळं बेतात धरलेलं होतं. जहाज अजून यायचं होतं. तिनं केलेला नॅस्कॉपी आणि जॉर्ज नद्यांचा नकाशा पुढे भूगोलाच्या अभ्यासकांनी मानला.

हे एकट्या मीनाचं यश का? नाही. ओझी चार पुरुषांनी वाहिली, आणि ज्या पाण्याला तिच्या नकाशात रेघ मिळाली त्या पाण्यावरून इन्नू बायकांनी कित्येक पिढ्या संसार नेला होता. मीनाचं मोठेपण आम्हाला असं वाटतं, की कुणाला विचारायचं हे तिला कळलं आणि मिळालेलं उत्तर तिनं मानलं.

त्या वाटांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. 1970 च्या दशकात चर्चिल फॉल्सच्या वीजप्रकल्पासाठी प्रचंड जलाशय झाला. मीना ज्या मिचिकामाऊ तळ्यातून गेली ते त्यात बुडालं. इन्नूंच्या शिकारीच्या जागा, पोर्टेजच्या वाटा, पूर्वजांची दफनाची ठिकाणं पाण्याखाली गेली, आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. धरणाखाली गाव गेलेल्या बायका आमचं बोलणं ऐकत असतील, तर त्यांना याहून जास्त सांगायला नको.

पण तिथेच, नॉर्थ वेस्ट रिव्हरच्या समोरच्या काठावर शेशात्शिउ नावाचं इन्नू गाव आहे. तिथल्या त्शाउकुएश, म्हणजे एलिझाबेथ पेनाशुए, या बाईंनी कित्येक वर्षं आपल्या लोकांना घेऊन हिवाळ्याच्या अखेरीस बर्फातून पायी आणि उन्हाळ्यात मिस्टा-शिपू म्हणजे चर्चिल नदीवरून कनूनं प्रवास केला. लेकरांना आपली वाट पायानं कळावी म्हणून. वाट चालत राहिली तरच वाट राहते, हे आपल्याकडेही खरंच आहे. गाडीरस्ता झाला आणि आमची घाटवाट मोडली, ती अशीच.

आजही कॅनडातल्या कित्येक दूरच्या जलवाटांवर पोर्टेजची निगा राखायला कुणी नसतं. जाणारी माणसं आता हलक्या होड्या नेतात. वीस किलोच्या आसपासची कनूही मिळते, ॲल्युमिनियमची मात्र तीस किलोच्या पुढे जाते. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र असतं, तरंगण्याचं जाकीट असतं. पण बेत करायची रीत फारशी बदललेली नाही. अनुभवी माणसं सांगतात त्यातलं आम्ही आपल्या भाषेत मांडतो.

वाटेवर शेवटचं कोण आणि कधी गेलं, ते आधी शोधा. वणवा लागला होता का, वादळात झाडं पडली का, तेही विचारा. ओझं घरीच बांधून, पाठीवर घेऊन, खाचखळग्यांतून चालून बघा. जे दोन खेपांत जात नाही ते घरी ठेवा. रोजची मजल सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाच्या चालीनं धरा. मोडक्या वाटेला चांगल्या वाटेच्या दुप्पट तिप्पट वेळ धरा, आणि काही दिवस मोकळे ठेवा. औषधं, काडेपेटी, अन्न, कुऱ्हाड एकाच होडीत नको. खांद्यावर होडी घेतलेल्या माणसाला समोरची वाट नीट दिसत नाही, म्हणून त्याच्या पुढे एकानं चालावं. ओल्या दगडावर पाय मुरगळला तर रुग्णालय दोन पावलांवर नसतं, म्हणून घाई नको. निघताना मागे राहणाऱ्या कुणाला तरी वाट आणि परतीची तारीख लिहून द्या. त्या तारखेला आलो नाही तर शोध घ्यायचा, असं बजावून जा.

आणि सगळ्यात मोठं, परत फिरायची जागा घरी बसून ठरवा. अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोचलो नाही, किंवा अर्ध्याहून जास्त शिधा संपला, तर परत. तिथे पोचल्यावर वाद नको. थकलेलं, भुकेलं माणूस धड विचार करत नाही. हबर्डला तळं समोर दिसत होतं. समोर दिसत असताना परत फिरणं किती जड जातं, ते आम्हाला आमच्या घाटात कळलं.

या चैत्रात आम्ही पुन्हा जत्रेला गेलो. जायच्या आठवडाभर आधी दोघीजणी एका धनगर काकांबरोबर जाऊन वाट बघून आल्या. एक टप्पा पुरता मोडला होता, तिथे दुसरीकडून चढायचं ठरलं. पाणी प्रत्येकीनं आपापलं घेतलं. मावशींना सगळ्यांच्या पुढे ठेवलं, त्यांच्या मागे बाकीच्या. मधल्या आंब्यापाशी दहा वाजेपर्यंत पोचलो नाही तर परत, हे गावातच ठरलं होतं, आणि "परत" म्हणायचा अधिकारही मावशींना दिला होता. कुणी कुरकुर करायची नाही.

आम्ही त्या आंब्यापाशी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. मंदिराचा भगवा वर दिसत होता. सगळ्या गप्प होत्या. मावशींनी झाडाला हात टेकला, वर बघून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "चला बायांनो, खाली." आम्ही आंब्याखाली शिदोरी सोडली, तिथूनच देवीला नैवेद्य दाखवला आणि उजेडात घरी आलो. शेजारणी म्हणाल्या, अर्ध्यातून आलात? आम्ही म्हणालो, हो, अकराच्या अकरा जणी आलो.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बोला. तुमच्या भागातली कोणती जुनी वाट मोडली आहे आणि ती कुणाला ठाऊक आहे? तुमच्या सहलीत, वारीत, कामाच्या बेतात सगळ्यात सावकाश चालणारी कोण, आणि बेत तिच्या चालीनं केला आहे का? आणि "परत" म्हणायचा अधिकार कुणाला दिला आहे? काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा. कुणाच्या आजीनं जुन्या वाटेच्या खुणा सांगितल्या, तर त्या लिहून ठेवा.

आज इथेच थांबतो. ओझं बेतानं घ्या, पाणी सोबत ठेवा. नमस्कार.